*पट्टीवरचा 'सेस': शब्द कुठला, पैसे कोणाचे?*



माल विकला की हातात हिशोबपट्टी येते. त्यात हमाली, तोलाई हे शब्द आपले आपल्याला कळतात. पण 'सेस' म्हणजे काय?

कानाला तो 'शेष'सारखा लागतो, म्हणून काहीतरी बाकी असेल असं वाटतं. तसं नाही. मूळ इंग्रजी शब्द 'असेस', म्हणजे आकारणी करणे. पुढचा 'अ' गळाला, 'सेस' उरला. 'असेस'च्या मागे लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ 'शेजारी बसणे'. न्यायाधीशाशेजारी बसून कर किती ते ठरवायला मदत करणारा माणूस असायचा, त्यावरून आकारणीचा अर्थ आला.

इंग्रजांच्या राज्यात हा शब्द आपल्याकडे आला. 1860 नंतर मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा सेस बसला, रस्ते आणि शाळांसाठी. सरकारी मराठीत त्याला 'उपकर' म्हणतात.

बाजार समितीचा सेस मात्र वेगळा. कायद्यात त्याचं नाव 'बाजार फी'. राज्याच्या 1963 च्या कृषी पणन कायद्यातलं कलम 31 सांगतं की ही फी *खरेदीदाराकडून* घ्यायची. माल विकणाऱ्या शेतकऱ्याकडून नाही.

म्हणजे 'सेस' या शब्दात नुसती आकारणी आहे. ती कोणावर, हे शब्द सांगत नाही, कायदा सांगतो. समजा दर शेकडा 1 रुपया आहे आणि माल 60,000 चा झाला, तर 600 रुपये होतात. ते व्यापाऱ्याने भरायचे, आपल्या पट्टीतून जायचे नाहीत.

*काय करायचं?*
👉 पक्की पट्टी मागून घ्या, फोटो काढून ठेवा.
👉 वजावटीत 'सेस' किंवा 'बाजार फी' दिसली तर अडत्याला तिथेच विचारा, "हा खरेदीदाराचा ना? मग माझ्या पट्टीत कसा?"
👉 ऐकलं नाही तर बाजार समितीच्या सचिवांना लेखी अर्ज द्या. पट्टीची झेरॉक्स जोडा, पोच घ्यायला विसरू नका.

अर्ज लिहायला अडचण आली तर पट्टी घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, बसून लिहू.

मागच्या हंगामाच्या पट्ट्या घरात असतील तर आजच काढून बघा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी