विमानाचा तोल

विमान उडते ते इंजिनाच्या बळावर, हे खरे. पण सावरते ते तोलावर. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची नोंदणी झाली. परंतु नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. सहा जिवांचा भरवसा तोलावर असतो.

हा तोल अजमावावा कसा? प्रत्येक भागाचे, माणसाचे व सामानाचे वजन एका ठरावीक रेषेपासूनच्या अंतराने गुणावे. त्या बेरजेस एकूण वजनाने भागावे, म्हणजे गुरुत्वमध्य सापडतो. पंख व शेपटी यांच्या रचनेवरून दुसरा बिंदू निघतो. त्यास आपण 'तटस्थ बिंदू' म्हणू. वाऱ्याच्या झोताने नाक वर उचलले, की वाढलेले उचलबळ या बिंदूशी लागते. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असेल तर नाक आपोआप खाली येते. मागे असेल तर अधिकच वर चढते. पंखाची सरासरी रुंदी १५० सेंटिमीटर आणि दोन बिंदूंतील अंतर १५ सेंटिमीटर असेल, तर स्थिरतेची शिल्लक १० टक्के. मागे माणसे व सामान वाढले, की ती घटते.

आमच्या बोथच्या मुलांनी कागदी विमानाच्या नाकास क्लिप लावून ते सोडावे, मग क्लिप शेपटीकडे सरकवून पाहावे. धाडसाचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु हिशेबावाचून केलेले धाडस इतरांच्या जिवावर बेतते, हे त्यांनी शाळेतच शिकावे.