थाळीतला भात आणि अंगातले श्रम

गेल्या काही वर्षांत आमच्या आरमोरीकडे एक सल्ला घरोघरी पोचला आहे : ‘भात बंद करा.’ साखर निघाली, भात बंद. पोट सुटले, भात बंद. गुडघे दुखतात, तरी भात बंद. मोबाइलवरच्या चित्रफितींतून हा सल्ला येतो. झाडीपट्टीतल्या ताटातून भात काढला तर त्या ताटात फारसे काही उरत नाही, हे सल्ला देणाऱ्याच्या गावीही नसते.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. धानाच्या मुलखात राहणारा, मिळेल ते वाचणारा आणि घरच्या काट्यावर मोजून पाहणारा माणूस आहे. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो.

तांदूळ आणि तणीस

कर्बोदके म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची संयुगे. आपल्या आहारात ती तीन रूपांत येतात : साखर, पिष्ट म्हणजे स्टार्च, आणि तंतू. तांदळातले पिष्ट ग्लुकोजच्या हजारो कणांची साखळी असते. गंमत अशी, की धानाच्या तणसातला सेल्युलोजही ग्लुकोजचाच बनलेला असतो. फक्त कण जोडण्याची गाठ वेगळी. तांदळाची गाठ सोडवणारी पाचकद्रव्ये आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडात आहेत. तणसाची गाठ सोडवणारे सूक्ष्मजीव बैलाच्या पोटात आहेत, आपल्या नाहीत. म्हणून एकाच बांधीतून आपण तांदूळ घेतो आणि बैलाला तणीस घालतो.

शंभर ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके आणि ७-८ ग्रॅम प्रथिने असतात; त्यातून साधारण ३५० कॅलरी मिळतात. भात शिजला की पाणी पिऊन वजन जवळपास तिप्पट होते. त्यामुळे ‘शंभर ग्रॅम भात’ म्हणताना कच्चा की शिजलेला, हे आधी विचारावे. बरेचसे गैरसमज तिथेच सुरू होतात.

ढोली किती मोठी?

भात पचला की ग्लुकोज रक्तात उतरते. इन्शुलिनच्या मदतीने ते पेशींत जाते. लगेच लागणारे जळते, उरलेले ग्लायकोजेन म्हणून साठते. ही आपल्या शरीरातली ढोली. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास; त्याहून जास्त मावत नाही. ढोली भरलेली असताना वरून धान ओतत राहिले तर ते सांडणारच. शरीरात हे सांडलेले चरबी होऊन बसते.

ढोली रिकामी होते ती श्रमाने. शिवाय काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या फारशा मदतीवाचूनही रक्तातले ग्लुकोज ओढून घेतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात, कष्टाचे काम करणारीला २७२०. फरक १०६० कॅलरींचा, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा. दिवसभर वाकून रोवणी करणारी बाई ताटभर भात खात होती आणि धडधाकट राहत होती, ती या हिशेबाने. आता चिखलणी ट्रॅक्टरने, कापणी हार्वेस्टरने, बाजाराला जाणे मोटारसायकलने. अंगातले श्रम कमी झाले, ताटातला भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला.

बारीक तांदळावरचा आळ

‘जाड तांदूळ बरा, बारीक तांदळाने साखर वाढते,’ असेही ऐकू येते. वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीमार्गे पुढे गेले की नागभीड तालुक्यातले नांदेड गाव लागते. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडल्या आणि वर्षानुवर्षे जपून एक बारीक, चवदार वाण उभे केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याचे वाण कितीतरी राज्यांत पोचले. आज तोच बारीक तांदूळ आरोपी ठरू पाहतो आहे.

दाण्याच्या जाडीवरून मात्र साखरेचा अंदाज बांधता येत नाही. महत्त्वाचे असते ते आतले पिष्ट. अमायलोज ही सरळ साखळी सावकाश पचते. अमायलोपेक्टिन ही फांद्या फुटलेली साखळी झपाट्याने. भात मोकळा होतो तेव्हा बहुधा पहिले जास्त असते, चिकट होतो तेव्हा दुसरे. दुसरी गोष्ट गिरणीतली. जास्त पॉलिश केले की कोंड्याबरोबर तंतू आणि ब जीवनसत्त्वे जातात. यातले ब-१ नसेल तर शरीराला ग्लुकोज नीट जाळताच येत नाही. जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळले, की पॉलिश तांदळावरच्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंडा दिल्यावर तो बरा होतो. १९२९ चे नोबेल त्यांना याच कामासाठी विभागून मिळाले. धान उकडून केलेल्या उसना तांदळात या जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात मुरतो, म्हणून तो पॉलिशनंतरही टिकतो.

शिजवून थंड केलेल्या भातातले थोडे पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि लहान आतड्यात पचत नाही. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खाणाऱ्यांना हा लाभ नकळत मिळत होता. मात्र तो थोडाच असतो. औषध समजू नये.

भाताऐवजी पोळी?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीतील आहाराची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे त्यात दिसले. पांढऱ्या तांदळाच्या जागी तेवढेच गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी किंवा दुधातल्या प्रथिनांना दिल्यास तो कमी दिसला. म्हणजे भात सोडून चार पोळ्या खाणाऱ्याने जागा बदलली, हिशेब बदलला नाही.

रेशनचा हिशेब

आता गरिबाचे ताट पाहू. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. ते सगळे तांदूळ धरले तर दिवसाला १६७ ग्रॅम, त्यातली कर्बोदके साधारण १३० ग्रॅम. पोषण संस्थेने कर्बोदकांची किमान शिफारस केली आहे तीही १३० ग्रॅमच, आणि ती मुख्यतः मेंदूच्या गरजेवरून. रेशनचा तांदूळ मेंदूपुरता झाला. हातपायांचे काय? ज्याच्या घरी दुसरे फारसे नाही, त्याला ‘भात बंद’ सांगणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणे.

यात धोकाही आहे. आमच्या एका काकूंनी साखरेची गोळी चालू ठेवून कुणालाही न विचारता भात सोडला. तिसऱ्या दिवशी घाम, थरथर, बोलणे अडखळायला लागले. घरच्यांनी साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. काही गोळ्या इन्शुलिन वाढवतात. वरून अन्नच आले नाही तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाते. म्हणून गोळी घेणाऱ्याने भात कमी करायचा तो डॉक्टरांना सांगून, गोळीचे प्रमाण तपासूनच.

बाकीच्यांसाठी उपाय घरातलेच आहेत. बैठ्या माणसाने भाताची वाटी ठरवावी आणि रिकामी झालेली जागा धुऱ्यावरच्या तुरीच्या डाळीने, पोपटाच्या किंवा बरबटीच्या शेंगांनी, तलावातल्या मासळीने, तरोट्याच्या किंवा वास्त्याच्या भाजीने भरावी. डाळ आणि भाजीमुळे भातातले ग्लुकोजही रक्तात सावकाश उतरते. जेवणानंतर गावातून एक फेरी मारावी. आणि रोवणीवरून आलेल्या बाईच्या ताटातला भात कुणी मोजू नये. तिच्या ताटात डाळ किती पडली, एवढे पाहावे.