कानांचा ओव्हरटाइम

निगडी, चिंचवड किंवा भोसरीहून चाकणकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डोकावून पाहा. बहुतेकांच्या गळ्यात नेकबँड, नाहीतर कानात इअरबड. नाशिक रस्त्यावर मोशीच्या पुढे गाडी अडकली की कोणी सिनेमा पाहतं, कोणी क्रिकेट, कोणी गावाकडे आईशी बोलून घेतं. शेजाऱ्याची झोप मोडत नाही, हात मोकळे राहतात. वस्तू उपयोगी आहे, ती टाकून द्या असं मी सांगणार नाही. पण परतीच्या बसमधला तोच नेकबँड मला जास्त काळजीचा वाटतो. कारण तोपर्यंत कानांची एक अख्खी पाळी भरून झालेली असते.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो. प्रत्येक शंखात साधारण पंधरा-सोळा हजार नाजूक पेशी असतात आणि त्यांच्या टोकाला केसांसारखे सूक्ष्म तंतू. आवाजाच्या कंपनांनी हे तंतू हलतात, त्याचा विद्युत संदेश होतो आणि मेंदूला ऐकू येतं. मोठा आवाज बराच वेळ आदळत राहिला की या पेशी दमतात. शिफ्ट सुटल्यावर कानात ‘सूं’ असा आवाज येणं किंवा दडे बसल्यासारखं वाटणं ही त्या दमण्याचीच खूण. पुढचे काही तास शांतता मिळाली तर त्या बऱ्याच अंशी सावरतात. रोज रोज ती मिळाली नाही तर मात्र मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते, माणसाच्या नाही!

आवाजाचा आणि बहिरेपणाचा हा संबंध जुना आहे. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं, की सततच्या ठोक्यांनी त्यांच्या कानांना इजा होते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून कामाच्या वेळी गेलेल्या कोणालाही ते पटेल. पण ठोके थांबले की तांबटाच्या कानांना निदान संध्याकाळी उसंत मिळायची. आपला कामगार मशीन बंद करतो आणि नेकबँड चढवतो.

कान हिशेब ठेवतो तो एकूण आवाजाचा. तो प्रेसचा आहे की गाण्याचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. या हिशेबाचं गणित थोडं फसवं आहे. डेसिबलचा आकडा तीनने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि दहाने वाढला की दहापट. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ऐकण्याची जी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे ती आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. आवाज ९० डेसिबल असेल तर आठवड्याचे फक्त ४ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटं.

आता कारखान्याकडे पाहू. आपल्याकडच्या नियमांत रोज ८ तासांसाठी ९० डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो. प्रेस शॉप, ग्राइंडिंग, फोर्जिंग अशा ठिकाणी ९० ते १०० ही नेहमीची गोष्ट आहे. एक हात अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथला आवाज ८५च्या पुढे आहे असं खुशाल समजावं. म्हणजे कानांत काहीही न घालता ९० डेसिबलमध्ये उभा असलेल्या माणसाचा आठवड्याचा सगळा कोटा पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपतो. बसमध्ये तो जे ऐकतो ते सगळं कर्जाऊ.

त्यात एक वाईट वळण आहे. दमलेल्या कानाला तात्पुरतं कमी ऐकू येतं. वर बसचं इंजिन आणि बाहेरचे हॉर्न. त्यामुळे सकाळी जो आवाज पुरेसा वाटत होता तो संध्याकाळी पुरत नाही, आणि बोट आपोआप आणखी दोन घरं वर जातं. ज्या वेळी कानाला सर्वांत कमी आवाज हवा, नेमका त्याच वेळी सर्वांत जास्त मिळतो. बऱ्याच इअरफोनचा पूर्ण आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो.

नुकसान कळतं ते घरी, आणि तेही उशिरा. अशा बहिरेपणाची सुरुवात बोलण्याच्या मुख्य पट्टीत होत नाही, ती वरच्या सुरांत होते. ऑडिओग्राम नावाच्या आलेखात साधारण ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडलेला दिसतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट ऐकू येतात. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. म्हणून हे रुग्ण येऊन एकच वाक्य बोलतात, “ऐकू येतं डॉक्टर, पण कळत नाही.” मंडईत भाव साठ सांगितला की आठ, हे चेहरा पाहून ठरवावं लागतं. लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज आधी निसटतात. टीव्हीचा आवाज वाढत जातो, चारचौघांच्या गप्पांत हसू उशिरा येतं, मग माणूस गप्पांतच बसेनासा होतो. घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम लक्ष देत नाही. पस्तिशीच्या माणसाबरोबर आलेली पत्नी हीच तक्रार सांगते, आणि तो शेजारी बसून फोनकडे बघत असतो. बहुतेक वेळा ती स्वभावाची तक्रार घेऊन आलेली असते, कानाची नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही काही जण येतात. कायद्यात दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, किमान ६० डेसिबलची घट लागते. खड्डा ४००० हर्ट्झला असलेला माणूस त्यात बसत नाही. त्याचं घर विस्कटलेलं असतं, पण कागदावर तो धडधाकट.

मग या साधनांचं करायचं काय? सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे शिफ्टनंतरचा प्रवास कानांना सुट्टी म्हणून सोडून देणं. सिनेमा सकाळी जाताना पाहावा, तोही आवाज निम्म्यावर, फार तर ६० टक्क्यांवर ठेवून. बाहेरचा गोंगाट कापणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग इअरबड थोडे महाग असतात, पण बसमध्ये खरोखर उपयोगी पडतात. इंजिनासारखी सलग घरघर ते कमी करतात, त्यामुळे कमी आवाजात भागतं. मात्र ते कारखान्यात वापरायचं साधन नव्हे. प्रेसचा किंवा हातोड्याचा अचानक ठोका त्यांना नीट अडवता येत नाही. भोसरी-तळवड्याच्या छोट्या वर्कशॉपांत काही मुलं इअरबड घालून गाणी लावतात आणि कान झाकले गेले असं समजतात. तिथे ते मशीनच्या आवाजावर गाण्याचा आवाज चढवत असतात, म्हणजे दुहेरी मार. इअरबड घालून दुचाकी चालवणं किंवा तळेगाव चौक ओलांडणं याबद्दल तर बोलायलाच नको.

कंपनीत मिळणारे फोमचे बोळे पाच-दहा रुपयांची वस्तू वाटतात, पण काम तेच करतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा शोभेचा. आणि तो सतत घालावा लागतो. ३० डेसिबल अडवणारा बोळा आठ तासांतला पाऊण तास काढून ठेवला, तर दिवसभराचं प्रत्यक्ष संरक्षण १० डेसिबलच्या आसपासच उरतं. सुपरवायझरशी बोलायला बोळा काढण्याची सवय म्हणून महागात पडते.

शेवटी कागदाची गोष्ट, जी तरुण कामगारांना कोणी सांगत नाही. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंद करायच्या आजारांमध्ये आहे. कर्मचारी राज्य विम्यातही तो व्यवसायजन्य आजार धरलेला आहे, म्हणजे भरपाई मागता येते. पण नोकरीला लागताना कान कसा होता, हे दाखवायचं कसं? कंत्राटावर काम करणारी मुलं वर्ष-दोन वर्षांत कंपनी बदलतात, पहिला ऑडिओग्राम कुठल्या तरी फायलीत राहून जातो, आणि पुढे वाद निघाला की समोरचा सहज म्हणतो, “हे तर इअरफोनमुळे झालं.” नुकसान मशीनने केलं की इअरफोनने, हे आलेख पाहून मलाही सांगता येत नाही. म्हणून पहिल्या तपासणीची प्रत मागून घ्या, तिचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दरवर्षीचा आलेख त्याच्याशी ताडून पाहा. तपासणीआधी किमान चौदा तास कान शांततेत हवेत, नाहीतर दमलेला कानच मोजला जातो. दुसरी पाळी करून सकाळी आठला दिलेली तपासणी त्यामुळे खरी धरता येत नाही. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असेल तर शुक्रवारची सकाळ, कामावर उभं राहण्याआधीची, ही चांगली वेळ. गुरुवारी नेकबँड मात्र खुंटीला टांगून ठेवा.