नौकेचे विद्युतचलित इंजिन-झाकण

विद्युतचलित इंजिन-झाकण हे यांत्रिक नौकेच्या इंजिनकक्षावरील, विजेच्या मोटरने वर उचलले जाणारे झाकण होय. चालकाच्या आसनाजवळील कळ दाबली की ते उघडते किंवा मिटते. वीजपुरवठा खंडित झाल्यास ते जागच्या जागी अडकून बसते. अनेक नौकांत विद्युतघट, म्हणजे बॅटरी, याच झाकणाखाली असते. त्यामुळे बॅटरी उतरली की झाकण उघडत नाही आणि झाकण उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत पोहोचता येत नाही, असा पेच निर्माण होतो. नौकेच्या बांधणीतला हा दोष बहुधा तो अडचणीचा दिवस उजाडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

पार्श्वभूमी

१९५९ साली व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने ‘ॲक्वामॅटिक’ ही चालनयंत्रणा बाजारात आणली. इंजिन नौकेच्या आत, अगदी मागच्या टोकाशी आणि पंख्याचा भाग बाहेर, अशी तिची रचना होती. या रचनेमुळे इंजिनावरची जागा बैठकीसाठी किंवा ऊन खात पहुडण्याच्या गादीसाठी वापरता येऊ लागली. गादी, ध्वनिरोधक थर व फायबरकाचेचे पटल मिळून झाकण जड होते. एकट्या माणसाला ते सहज उचलता यावे म्हणून त्याला मोटर जोडली जाते. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील मासेमारी नौकांत इंजिनावरचे फळकूट सहसा हातानेच उचलले जाते. हा प्रश्न मुख्यतः विहारनौकांचा आहे.

रचना

झाकण उचलणाऱ्या उपकरणास ॲक्चुएटर म्हणतात. त्यात १२ व्होल्टची लहान मोटर दातेरी चक्रांमार्फत एक मळसूत्री दांडा फिरवते आणि त्यावरील नट पुढे-मागे सरकून नळी बाहेर ढकलतो किंवा आत ओढतो. विद्युतप्रवाहाची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते. मळसूत्राचे आटे इतके कमी चढाचे असतात की नळीवर कितीही भार टाकला तरी घर्षणामुळे दांडा फिरत नाही. वीज नसतानाही उघडे झाकण खाली कोसळत नाही ते यामुळेच. आणि मिटलेले झाकण नुसत्या बळाने वर येत नाही, त्याचेही कारण हेच. कडेला पहार घालून जोर लावल्यास ॲक्चुएटरऐवजी फायबरकाच तडकते.

बिघाडाचा शोध

नौकेतील दिवे व भोंगा चालू असून केवळ झाकण हलत नसेल, तर दोष फ्यूज, सर्किट ब्रेकर, कळ, गंजलेली जोडणी किंवा खुद्द मोटर यांपैकी कशात तरी असतो. सर्वच उपकरणे बंद असतील तर प्रथम बॅटरीचा मुख्य स्विच पाहावा. तो बंद राहून गेल्याचे पुष्कळदा आढळते. दोन बॅटऱ्या असलेल्या नौकेत हाच स्विच दुसऱ्या बॅटरीवर फिरवून काम भागते. कळ दाबल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर रिले कार्यरत असून मोटरपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही असे समजावे.

विजेविना उघडणे

ॲक्चुएटरचे टोक झाकणाला एका आडव्या पिनेने जोडलेले असते. ही पिन काढली की झाकण मोकळे होते. काही नौकांत पिनेला तार बांधून ती बाहेर आणलेली असते, तर काहींत शेजारच्या सामानकप्प्यातून वा लहान तपासणी-झरोक्यातून तिथवर हात पोहोचतो. काही ॲक्चुएटरना हाताने फिरवण्याची सोयही असते. दोन ॲक्चुएटर असल्यास दोन्हींच्या पिना काढाव्या लागतात. एकच काढून उचलल्यास झाकण पिळवटते. पिन निघाल्यावर झाकणाला आधार उरत नाही. जुन्या गॅस स्ट्रटमधील दाब कमी झालेला असू शकतो, म्हणून दोघांनी मिळून झाकण उचलावे आणि भक्कम टेकू दिल्याशिवाय आत वाकू नये.

पिनेपर्यंत हात पोहोचत नसेल तर बाहेरून वीज देता येते. साध्या जोडणीत चालकाच्या कळीपासून दोन तारा थेट मोटरकडे जातात. त्या कळीपासून सोडवून १२ व्होल्टच्या सुट्या बॅटरीला जोडल्यास मोटर फिरते. झाकण खाली ओढले जाऊ लागले तर तारांची अदलाबदल करावी. मध्ये रिले असेल तर हा उपाय चालत नाही, कारण त्या तारांतून मोटरचा प्रवाह वाहतच नाही. धक्क्यावरच्या विजेवर चालणारा चार्जर नौकेत बसवलेला असल्यास मात्र काही काळ बॅटरी भारित करणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

धोके

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते. म्हणूनच अमेरिकेत पेट्रोल इंजिनाच्या नौकांवर, इंजिन सुरू करण्यापूर्वी ४ मिनिटे ब्लोअर चालवण्याची सूचना लावलेली असते. वीज गेली की ब्लोअरही बंद पडतो, आणि ही बाब घाईत विसरली जाते. झाकण उघडल्यानंतरही तळाची वाफ आपोआप लगेच निघून जात नाही. कक्षाला पुरेसा वारा लागू द्यावा, तळाशी पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे आणि मगच आतील बॅटरीला तारा जोडाव्यात; जोडताना उडणारी ठिणगी वाफेला पुरेशी असते. भारित होताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजनही बाहेर पडतो.

इंजिनकक्षातून धूर येत असेल तर झाकण मुळीच उघडू नये. आत शिरणारी ताजी हवा आगीला बळ देते. अशा प्रसंगासाठी काही झाकणांवर लहान छिद्र ठेवलेले असते; त्यातून अग्निशामकाचा फवारा आत सोडता येतो.

पूर्वतयारी

बॅटरीला जोडलेली दोन टोके इंजिनकक्षाबाहेर, फ्यूजसह, आणून ठेवल्यास मूळ पेच बराचसा सुटतो. पिनेची तार ओढून पाहण्याची चाचणी नौका धक्क्याला असतानाच घ्यावी, कारण खाऱ्या हवेत पिन गंजून जागीच घट्ट बसते. पिन काढून ठेवलेल्या स्थितीत प्रवास करावा लागल्यास वाऱ्याने झाकण उघडू नये म्हणून ते दोराने बांधले जाते.