ओपन फाईल ठेवायची कशात?

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ एकसंध दिसतं, पण संगणकावर ते थरांत, म्हणजे लेयरमध्ये, रचलेलं असतं. तळाला चित्राचं स्कॅन, त्यावर रंगदुरुस्ती, मग अंकाचं नाव, साल आणि किंमत. फाईल छपाईला जायच्या आदल्या दिवशी किंमत बदलली, तर चित्राला हात न लावता तेवढाच लेयर बदलता आला पाहिजे. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. तिची किंमत मोजावी लागते ती फाईलच्या वजनात.

ए-फोर पान ३०० डीपीआयला धरलं तर २४८० बाय ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. आठ बिटच्या आरजीबीत त्याचे २६ एमबी होतात, सीएमवायकेत ३५ एमबीच्या आसपास. हे झालं एका सपाट चित्राचं. पानभर पसरलेले आठ-दहा लेयर असले की कॉम्प्रेशनशिवाय भागत नाही.

फोटोशॉपची स्वतःची पीएसडी फाईल त्यासाठी सहसा आरएलई ही साधी युक्ती वापरते. सलग सारखे असलेले १२८ पर्यंत बाइट ती दोन बाइटांत लिहिते. त्यामुळे रिकाम्या जागेतली एका चॅनलची २४८० बाइटांची ओळ जेमतेम ४० बाइटांत बसते. जलरंगाच्या कागदाचा खरखरीत पोत आला, की शेजारचे पिक्सेल क्वचितच जुळतात आणि आरएलई हात टेकते. तिथे झिप हे दुसरं कॉम्प्रेशन सरस ठरतं. फाईल लहान होते, सेव्ह व्हायला मात्र वेळ लागतो. दोन्हींत चित्राचा एकही पिक्सेल बदलत नाही.

लेयर टिफ या दुसऱ्या प्रकारच्या फाईलमध्येही ठेवता येतात. ती सेव्ह करताना फोटोशॉप दोन वेगळे प्रश्न विचारतो: चित्राचं कॉम्प्रेशन कोणतं आणि लेयरचं कोणतं. घाईत दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं. तिथे आरएलई आणि झिपखेरीज लेयर काढून टाकण्याचाही पर्याय असतो. सोळा बिटच्या चित्राला एलझेडडब्ल्यू हे कॉम्प्रेशन लावलं तर फाईल कित्येकदा उलट फुगते; तिथेही झिपच बरं. शिवाय टिफमधले लेयर फोटोशॉपच्या खास पद्धतीने साठवलेले असतात. बऱ्याच इतर सॉफ्टवेअरना फक्त सपाट चित्र दिसतं.

मर्यादाही ध्यानात हव्यात. पीएसडी लांबी-रुंदीला प्रत्येकी ३०,००० पिक्सेल आणि एकूण २ जीबीपर्यंतच चालते. १०० डीपीआयने २५ फुटांपेक्षा लांब होर्डिंग करायचं, तर फोटोशॉपचीच मोठ्या चित्रांसाठीची पीएसबी फाईल घ्यावी लागते. तिची मर्यादा प्रत्येक बाजूला ३ लाख पिक्सेल.

गिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरची स्वतःची एक्ससीएफ फाईल आहे. २०१८च्या २.१० आवृत्तीपासून तिच्यात जास्त दाबणारं, पण सावकाश चालणारं कॉम्प्रेशन निवडता येतं. ओपनरास्टर या खुल्या फाईल-प्रकारातली ओआरए फाईल तर मुळात झिपच आहे. उघडून पाहिली की प्रत्येक लेयरची पीएनजी आणि त्यांचा क्रम सांगणारी एक्सएमएल फाईल सापडते.

जेपेग यात बसतच नाही. ती लेयर एकत्र करते आणि चित्र आठ बाय आठच्या चौकटींत दाबते. जास्त दाबलं की शिरोरेषेभोवती धुरकट ठिपके दिसू लागतात. ती नमुना दाखवण्यापुरतीच ठीक.

अंक छापून झाला की संपादकांनी मांडणीकाराकडून पीडीएफबरोबर ओपन फाईलही, म्हणजे लेयर असलेली मूळ फाईलही, मागून घ्यावी. पीएसडीत फॉन्ट साठवला जात नाही, म्हणून वापरलेल्या फॉन्टची यादीही घ्यावी. आणि लेयर शाबूत आहेत का, हे दुसऱ्या संगणकावर फाईल उघडून लगेच तपासावं.