मुलाचा चेंडू, शेजाऱ्याची काच

इंदूरच्या राजवाड्याजवळील आडा बाजाराच्या नावाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. अहिल्याबाई होळकरांचे पुत्र मालेराव यांच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. बाईंनी पुत्राला रथाखालीच मृत्यूची शिक्षा फर्मावली आणि सारथी धजेना, तेव्हा लगाम स्वतःच्या हाती घेतला. परंतु वासराची आई, ती गायच, पुनःपुन्हा रथाला आडवी आली आणि मालेराव वाचले. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध नाही. तरी लोकांनी ती जपली आहे. कारण तिच्यातील प्रश्न प्रत्येक घरचा आहे. मुलाच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास आईबापांनी काय करावे?

गल्लीत हा प्रश्न साध्या रूपाने येतो. दहा वर्षांचा मुलगा चेंडू टोलवतो आणि समोरच्या घराची काच फुटते. ‘त्याने मुद्दाम केले नाही,’ असे बाप म्हणतो. ‘मग काच कोणी भरून द्यायची?’ असे शेजारी विचारतो. दोघांचेही म्हणणे खोटे नसते.

यात गुन्ह्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलास परिणाम समजण्याइतकी पक्वता आलेली नसेल, तर त्याचेही ठरत नाही. शिवाय ‘आगळीक’ ठरण्यास नुकसानीचा उद्देश किंवा जाणीव असावी लागते.

भरपाईचा प्रश्न मात्र निराळा आहे. आपल्याकडील सर्वसाधारण तत्त्व असे, की केवळ बाप आहे म्हणून कोणी देणेकरी होत नाही. धोका दिसत असून त्याने देखरेख केली नाही, किंवा घातक वस्तू मुलाच्या हाती दिली, तर तो स्वतःच्याच हयगयीबद्दल उत्तरदायी होतो. वाहनाच्या बाबतीत कायदा अधिक कठोर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्याला माहिती नव्हती, अथवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते.

परंतु शेजारधर्म कायद्यापाशी थांबत नाही. बापाने गुपचूप पैसे पाठविले तर काच बसते, पण मुलगा काही शिकत नाही. त्याला बडविले तर तो पुढच्या वेळी लपायला शिकतो. म्हणून मुलाला बरोबर घेऊन शेजाऱ्याच्या दारी जावे, घडले ते त्याच्याच तोंडून सांगू द्यावे, खर्च आपण द्यावा आणि त्याच्या खाऊच्या पैशांतून थोडा वाटा घ्यावा.

शेजाऱ्यानेही काचेची किंमत घ्यावी, मुलाचा अपमान करू नये. आख्यायिकेत आईने न्याय सोडला नाही हे खरे. पण जिचे वासरू गेले होते, तिनेच रथ अडविला, हेही विसरता येत नाही.