मुरलेल्या एजंटचं कसब

ग्राहक सेवेच्या चॅटसाठी नव्या मुलांना तयार करणं हे पुण्यात माझं काम आहे. कंपनीच्या मालाची माहिती शिकवता येते. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ते मात्र नुसतं शिकवून येत नाही. 'तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही, पैसे परत द्या' असं कुणी लिहिलं, की नवी मुलं आधी दोनदा माफी मागतात आणि मग एका दमात चार प्रश्न विचारतात. आमची एक जुनी एजंट एकच ओळ टाकते: 'शेवटचं कोणतं बटण दाबलंत आणि त्यानंतर स्क्रीनवर काय आलं, तेवढंच सांगा.' समोरचा भांडण सोडून स्क्रीनकडे बघायला लागतो. हे कसब तिच्या हाताखाली बसूनच उचलावं लागतं.

म्हणूनच एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी चॅट एजंटांना मदत करणाऱ्या एआयबद्दल २०२३मध्ये मांडलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्र किती हुशार, यापेक्षा ते हाती आल्यावर माणसांचं काय झालं, हे त्यांनी पाहिलं. एका बड्या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचे पाच हजारांहून जास्त चॅट एजंट, त्यातले बहुतेक फिलिपीन्समधले. एआय ग्राहकाला परस्पर उत्तर देत नव्हतं, एजंटला सुचवत होतं. घ्यायचं की नाही, हे त्याच्या हातात. सगळ्यांना ते एकाच वेळी मिळालं नाही, त्यामुळे तुलना करता आली.

तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत हा आकडा ३४ टक्के होता. दोन महिन्यांचा एजंट एआयच्या मदतीने सहा महिने मुरलेल्याच्या तोडीचं काम करू लागला. ग्राहकांची भाषा निवळली, 'मॅनेजरला बोलवा' ही मागणी घटली, नोकरी सोडून जाणारेही कमी झाले. रात्रपाळीत शिव्या खाऊन पहिल्याच महिन्यात राजीनामा देणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीचं मोल मला कळतं.

अगदी पटाईत एजंटांना मात्र फारसा फायदा झाला नाही. कारण उघड आहे: यंत्र शिकलं होतं ते त्यांच्याच जुन्या संभाषणांवरून. त्यांची शब्दांची निवड, प्रश्नांचा क्रम, सगळं नवख्यांच्या स्क्रीनवर येत होतं. या कसबाचा मोबदला त्यांना वेगळा मिळत नव्हता, हा मुद्दा संशोधकांनीही मांडला आहे.

इथे माझं मत ठाम आहे. आमच्याकडे बोनस ठरतो तो इतरांपेक्षा किती सरस काम केलं यावर. सगळेच आमच्या त्या जुन्या एजंटसारखं लिहू लागले, तर तिचा बोनस तिच्याच शब्दांमुळे घटेल. तिची संभाषणं यंत्राला शिकवायला वापरायची असतील, तर आधी तिला विचारायला हवं आणि त्याचे पैसे पगाराच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसायला हवेत.